मुकुंदा, केळ्याचा वास येत होता

मुकुंदा,

राजूने पेपरात द्यायला चार ओळी लिहून काढल्या. तुझं पूर्ण नाव, शिक्षण, पुण्याचं घर, मागे कोण कोण. मला वाचून दाखवल्या नि म्हणाला, "आई, काकांचं काही राहिलं का बघ." मी म्हटलं, "नाही रे बाबा, सगळं आलं." खोटं बोलले. मला जे सांगायचं आहे ते चार ओळींत बसणारं नव्हतं आणि राजूला सांगायचंही नव्हतं. ते तुला सांगायचं आहे. तू म्हणशील, आता सांगून काय उपयोग वहिनी? तेच तर रे. तेच तर.

तरी ऐक. तुझ्या त्या बिअरला केळ्याचा वास येत होता. तुझं नाक खरं होतं. आणि मी जे म्हटलं होतं, "कुठं काय येतंय, काही नाही", तेही मी मनापासून म्हटलं होतं. दोन्ही एकदम खरं कसं, ते मला तू गेल्यावर कळलं. तू असताना कळलं असतं तर आज मी असं वहीशी बोलत बसले नसते.

मी या घरात आले तेव्हा तू सहा वर्षांचा. सासूबाई जाऊन वर्ष झालेलं. उंबऱ्याआडून डोकावून मला पहिलाच प्रश्न विचारलास, "तू भाकरी गोल करते का?" मी म्हटलं, करते. तू म्हणालास, "मग रहा." झालं, राहिले. दीर कसला, माझं पहिलं लेकरूच तू. माझी शाळा चौथीत सुटली होती. तू मोठ्याने धडे वाचायचास नि मी चुलीपाशी ऐकायची. अक्षर सुधारलं ते तुझ्या जुन्या वह्यांवर. तू कॉलेजात गेलास तोवर मी अर्धी केमिस्ट्री ऐकून बसले होते. समजली काही नाही, ते सोड.

पुढं तू पुण्याला त्या छोट्या बिअरच्या कारखान्यात लागलास, तर तुझ्या दादांची कोण पंचाईत! कोणी विचारलं की म्हणायचे, "फॅक्टरीत आहे, पेयाच्या." आपल्या बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यातली अर्धी माणसं तुला सरबतवाला समजायची. एका लग्नात एक बाई मला म्हणाली, "तुमच्या दिराला सांगा ना, लेकीच्या हळदीला कोकम सरबताचे दोन कॅन पाठवा." मी घरी येऊन सांगितलं तर तू पोट धरून हसलास. "पाठवतो की," म्हणालास, "हळद रात्रभर चालेल."

आपलं दोघांचं हे चाखायचं काम सुरू झालं ते कुरडयांपासून. दर उन्हाळ्यात मी गहू भिजत घालते. तीन दिवस, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी त्याला जो आंबूस वास येतो त्यावरून ठरवायचं, आज वाटायचे की अजून एक दिवस ठेवायचे. एक दिवस जास्त झाला तर कुरडई तळताना तांबूस पडते नि जिभेला आंबट लागते. गल्लीतल्या बायका त्यासाठी मला बोलवायच्या, "ताई, जरा वास घेऊन जा ना." मी पातेल्यावरचं फडकं उचलायची, एकदा हुंगायची, सांगायची. चार वर्षांमागं तू सुट्टीवर आला होतास. ओट्यावर बसून बघत होतास हे. म्हणालास, "वहिनी, हे करायचे आमच्याकडे लोक पगार घेतात."

"काय, गहू हुंगायचे?"

"जव. मोड आणून वाळवलेले जव येतात आमच्याकडे. आम्ही ते शिजवतो, गाळतो, आंबवतो. तुझंच काम आहे हे. तू तळतेस, आम्ही पितो, एवढाच फरक."

आणि दुपारी टॉवेलात गुंडाळलेली बाटली बाहेर काढलीस. बिअरच्या ह्या प्रकाराला पेल एल म्हणतात, म्हणालास. मी कधी दारूला शिवले नव्हते. तुझे दादा होते तेव्हा. मला वाटलं आता ते ओरडतील. तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "घेऊ दे तिला. चाळीस वर्षं माझा चहा चाखून देतेय, तिच्या जिभेला काय धाड भरलीय." मी देवघराचं दार लोटून घेतलं. म्हटलं, "तोंडात घेते नि थुंकते."

"थुंकून नाही चालत वहिनी. वाईन थुंकतात. बिअरचं कडू घशात कळतं. एक घोट गिळावाच लागतो."

"तुझ्या बापानं बघितलं असतं ना!"

"बापानं बाटली संपवली असती."

काय हसलो रे आपण. मग तू शिकवलंस. आधी नुसतं बघायचं. रंग, फेस, फेस किती वेळ टिकतो. मग ग्लासवर तळहात ठेवून जरा फिरवायचा, हात काढायचा नि लगेच दोन बारीक श्वास. ओढून घ्यायचा नाही, कुत्रं हुंगतं तसं. मग घोट. जिभेवर फिरवायचा, गिळायचा आणि गप्प बसायचं. कडू येतं, थांबतं, जातं. ते जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही. "हे तुला सगळ्यात जड जाणार," असंही म्हणालास, मेल्या.

मी सांगत गेले नि तू लिहीत गेलास. रंग नव्या काकवीत पाणी घातल्यासारखा. फेस दाट, चीक शिजवताना वर येतो तसा. वास आधी मोसंबीची साल नखाने चिरल्यावर येतो तो, मागून कैरीच्या देठाच्या चिकाचा. चव भाकरीच्या कडेची, जरा खरपूस. कडू मेथीदाण्याचं. कारलं जिभेला आधी लागतं, मेथी मागं बसून राहते, तसं बसून राहणारं. "आणि सगळ्यात शेवटी," मी म्हटलं, "भिजलेल्या खोक्यासारखं काहीतरी."

तुझं पेन थांबलं. "कसलं खोकं?"

"अरे आपल्या वखारीत नाही का पावसात पुठ्ठ्याची खोकी भिजून पडतात. तसं लागतं शेवटी."

तू उठलास नि अंगणात येरझाऱ्या घालायला लागलास. मला वाटलं मी काही वावगं बोलले, तुला राग आला. तर तू पुण्याला फोन लावून मोठमोठ्याने बोलत होतास, "सांगत होतो ना, बाटलीत हवा जातेय! माझ्या वहिनीने एका घोटात पकडलं!" मग मला समजावलंस की बाटलीत हवा गेली की असंच ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, तुला दोन महिने संशय होता आणि बाकीचे मानत नव्हते. पुढं ते झाकणाचं मशीन दुरुस्त केलं म्हणे त्यांनी.

मुकुंदा, या घरात मला मिठाशिवाय कोणी काही विचारलं नव्हतं रे. मीठ बरोबर आहे का, बस. मला काय कळतं, हे मलाही माहीत नव्हतं. तू विचारलंस. तू पेन घेऊन समोर बसलास आणि मी बोलेन ते लिहून घेतलंस, जसं काही मी कोणी मोठी बाई. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. घरच्या माणसाचे काय आभार मानायचे, असं वाटायचं.

मग वर्षातून दोनदा तू येऊ लागलास, दिवाळीला नि उन्हाळ्यात, बाटल्या घेऊन. तुझे नेम माझ्या एकादशीपेक्षा कडक. सकाळपासून कच्चा कांदा नाही, वासाचं तेल नाही, उदबत्ती नाही. मी म्हणायची, "देवापेक्षा तुझी बाटली मोठी झाली का रे?" तू म्हणायचास, "देव रोज घरी असतो वहिनी, मी दोनदाच येतो." तुझे दादा गेले त्या वर्षीही तू आलास. मी म्हटलं, यंदा नको. तू म्हणालास, "दादांनीच परवानगी दिलेली आहे, रद्द कुठं केलीय?" त्या दिवशी घोट गिळून मी रडले. तू वहीत लिहिलंस, "आज निकाल नाही."

आता ते लिहायचं, ज्यासाठी बसले.

गेल्या वैशाखात तू आलास तो वेगळाच. आल्या आल्या सांगितलंस की मालकाने कबूल केलंय. तुझी स्वतःची एक बिअर, तुझी कृती, बिअरच्या यादीच्या फळ्यावर तुझं नाव. वीस वर्षं दुसऱ्यांच्या करत आलास, आता एक तुझी. अट एकच, बाहेरून तीन चाखणारे येणार आणि त्यांनी पास करायला हवी. दीड महिना हातात होता. "तापी नाव देणार आहे," म्हणालास. एकोणपन्नासाव्या वर्षी तुझं तोंड परीक्षेत पास झालेल्या पोरासारखं झालं होतं.

आलास त्या दिवशी काढली नाहीस बाटली. दुसऱ्या दिवशी नाही. मी म्हटलं, आणलीय तर दे की. म्हणे, प्रवासात हलते, बसू दे. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडलीस. मी नेहमीसारखं सगळं केलं. बघ, आजही आठवतं. मोसंबी होती, पण सालीपेक्षा फुलाकडे झुकणारी. गवत होतं, नुकतं कापलेलं. कडू स्वच्छ, येऊन बसलं आणि सभ्य पाहुण्यासारखं वेळेवर उठून गेलं. मी म्हटलं, "मुकुंदा, आजवरची सगळ्यात चांगली."

तू हसला नाहीस. म्हणालास, "आणि केळं?"

"केळं कुठलं?"

"मला येतंय वहिनी. पुण्याला पहिल्या दिवसापासून येतंय. आंबायला ठेवली तेव्हा थंडाव्याचं मशीन दोन दिवस बंद पडलं होतं. गरम झालं की यीस्ट केळ्याचा वास सोडतं. पेल एलमध्ये तो दोष धरतात, लगेच नापास."

"मग तिथल्या पोरांना विचारायचं."

"ती पोरं मला केळेवाला म्हणतात, केळ्यांच्या गावचा म्हणून. मी विचारलं की आधी हसतील, मग वास घेतील. आणि खरं सांगू, मला पुण्यात कुठंही केळ्याचा वास येतो. लिफ्टमध्ये येतो. बँकेत येतो. गावाची आठवण आली की येतो. त्यामुळे बिअरमध्ये आहे की माझ्या डोक्यात, हेच कळत नाही. घरी बायकोला विचारावं तर शुभांगी बाटली उघडली की खिडकी उघडते. तूच सांग."

मी पुन्हा घेतला वास. हात ठेवून, फिरवून. चार वेळा घेतला मुकुंदा, देवाशपथ. काही नाही. मग तू घेतलास. बराच वेळ ग्लास नाकाशी धरून राहिलास नि मग तुझा चेहरा उजळला. "खरंच ग," म्हणालास, "आज मलाही येत नाही. डोक्यातच होता."

किती खूश झालास! मला म्हणालास, "वास असता तर मी ही सगळी ओतून दुसरी लावणार होतो, अजून वेळ आहे. आता नाही लावत. वहिनी म्हणते नाही, म्हणजे नाही." राजूच्या बायकोला, सुनीताला हाक मारून मावा जिलेबी मागवलीस सगळ्यांना.

आणि आपल्या मागच्या भिंतीपलीकडे आपलीच वखार होती रे. जैनाबादच्या मळ्यातला केळ्याचा माल तीन दिवसांपासून पिकायला लावलेला. त्या दुपारी दार सताड उघडं होतं, हमाल पिवळ्याजर्द फण्या पाट्यांत भरून इतवाऱ्याच्या बाजारासाठी गाडीवर चढवत होते. त्यांची ओरड आपल्याला ऐकू येत होती. तू तर म्हणालासही, "जरा हळू बोला रे भो, इथं परीक्षा चालू आहे." ओरड ऐकू आली. वास कोणालाच आला नाही. मी त्या वासात बेचाळीस वर्षं काढलेली, आणि तू तीन दिवस.

आषाढात तुझा फोन आला. आवाजावरूनच कळलं. तिघांपैकी एकाने घोटसुद्धा घेतला नाही म्हणे. ग्लास नाकाशी नेला आणि विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? तू सांगितलंस बुऱ्हाणपूर. तो बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "तरीच. गावची केळी घातलेली दिसतात." सगळे हसले. मालकही. सगळी बिअर तुझ्यासमोर मोरीत ओतली.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. तू घोट गिळल्यावर गप्प बसायचं शिकवलं होतंस, ते तेव्हा कामी यायला हवं होतं. पण मी काय म्हणाले? "त्या शहरातल्या लोकांना काय कळतंय केळ्याचं!"

मग म्हणालास, "वहिनी, तुम्हाला वास आला होता ना?"

तुम्ही. मला. सहा वर्षांचा असल्यापासून तू मला तू म्हणत आलास.

"माझं मन राखायला नाही म्हणालात. मी इतका खूश दिसत होतो म्हणून. सांगा ना, मला राग नाही येणार."

आणि मला राग आला. माझ्यावर आजवर कोणी एवढाच एक विश्वास ठेवला होता, आणि ठेवणाराच म्हणत होता की मी खोटं बोलले. मी म्हटलं, "दारू गाळणाऱ्याचं मन राखायला मी रिकामी बसलेली नाही." असं म्हणाले मी. तुझ्या कामाला सगळ्या गावाने नावं ठेवली, मी कधी ठेवली नव्हती. आणि ठेवली ती त्या दिवशी.

तू "बरं" म्हणालास नि फोन ठेवलास. ते "बरं" शेवटचं.

दिवाळीला तू आला नाहीस. शुभांगीचा फोन आला, "वहिनी, तुम्हीच या ना इकडे दहा दिवस. ह्यांचं कुठं लक्ष लागत नाही." मी म्हटलं, फराळाचं कोण करणार, मळ्यावर माणसं असतात, नंतर बघू. खरं कारण काय होतं? तू स्वतः बोलवावंस असं वाटत होतं. एवढंच. तू फोन करशील, "ये ना ग वहिनी" म्हणशील, मग मी जाईन. दहा दिवस गेले असते मुकुंदा, तर माझं नाक उघडलं असतं. परत येऊन मी तुला फोन केला असता. दहा दिवसांवर होती ती गोष्ट, आणि मी चकल्या तळत बसले.

मार्गशीर्षात सकाळी राजू माझ्यापाशी येऊन बसला. तो सकाळचा कधी बसत नाही. त्याने सांगितलं, तू कामावर जायला निघालास, जिन्यात छातीत दुखलं, तिथंच बसलास. बस, एवढंच. शेजारच्यांनी पाणी दिलं ते प्यालास म्हणतात. कोण होते ते, कसं पाणी दिलं, मी काही विचारलं नाही.

पंधरा दिवस मी पुण्यात तुझ्या घरी राहिले. आता राहिले! तेराव्यानंतर शुभांगीने तुझी वही माझ्या हातात दिली, "ह्यात तुमचं पुष्कळ आहे." दोन रकाने आखलेले. एकावर "मी", एकावर "वहिनी". काकवी, मोसंबी, मेथी, भिजलेलं खोकं, सगळं माझ्या शब्दांत जसंच्या तसं. वैशाखाच्या पानावर तुझ्या रकान्यात लिहिलंय, "केळं? केळं?" दोनदा. माझ्या रकान्यात, "वहिनी म्हणते नाही. मग नाही." त्यापुढच्या पानांवर रकानेच नाहीत. नुसते कारखान्याचे आकडे, रोजचे. स्वतःची बिअर म्हणून तू पुन्हा एकही लावली नाहीस.

मी शुभांगीला विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचा का?" ती म्हणाली, "नाही वहिनी, कधीच काही वाईट बोलले नाहीत. तुमचं नाव निघालं की विषय बदलायचे." तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. शिव्या दिल्या असत्यास तर मी झेलल्या असत्या रे.

शुभांगीच्या भावाने मला गाडीत बसवून दिलं. इथं राजू घ्यायला येणार होता. बुऱ्हाणपूरला उतरले, पिशवी खाली ठेवली, आणि वास आला.

मला आधी कळलंच नाही कसला. गोड, जाडसर, घशाला चिकटणारा. वाटलं फलाटावर काहीतरी सांडलंय. रिक्षात बसलो तरी तोच. शनवाऱ्याच्या गेटापाशी आलो तर अजून जास्त. मी रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, इधर केले का ट्रक पलटा क्या?"

तो मागे बघून म्हणाला, "कहाँ माँजी? कुछ भी तो नहीं."

राजू म्हणाला, "आई, तू झोपली नाहीस गाडीत. घरी जाऊन पड."

मी घरात गेलेच नाही. तशीच, पायाला पाणी न लावता, मागे वखारीत गेले. दार उघडल्याबरोबर तो वास अंगावर आला. मी दाराची चौकट धरली. इतका, मुकुंदा, इतका वास असतो आपल्या घराला! भिंतींना, दोरीवरच्या कपड्यांना, माझ्या स्वतःच्या पदराला. बेचाळीस वर्षं मी ह्यात स्वयंपाक केला, पोरं वाढवली, ह्यातच बसून तुझा ग्लास हुंगला. तुझ्या ग्लासातला वास मला कुठून वेगळा येणार होता? पाण्यातल्या माशाला विचारावं तसं तू मला विचारलंस, पाणी आहे का? आणि मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही.

मी मोठ्याने म्हटलं, "येतोय रे मुकुंदा. येतोय." राजू धावत आला. त्याला वाटलं आईचं डोकं फिरलं. हमाल पाटी डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

कोणाला सांगणार होते मी? फोन हातात होता. नंबर अजून आहे त्यात तुझा. तू मला खोटारडी समजून गेलास. मी खोटारडी नव्हते, ह्याचा पुरावा माझ्या नाकात होता, आणि तो बघणारा एकच माणूस होता. देव आहे म्हणतात. असेल. पण हे असं का करतो? नाक द्यायचंच होतं तर आषाढाआधी द्यायचं, नाही तर कधीच द्यायचं नाही. तू मरावंस तेव्हा मला वास यावा, ही कुठली रीत?

त्या दिवशी मी वखारीतच बसून राहिले. सुनीता चहा घेऊन आली, तो तिथंच प्याले. मला तो वास धरून ठेवायचा होता. वाटत होतं, हा आहे तोवर आपलं भांडण अजून चालू आहे, मला बोलायला जागा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पातळ झाला होता. तू शिकवलं होतंस ना, नाक थकलं की कोपराच्या आतल्या बाजूचा आपलाच वास घ्यायचा, मग नाक कोरं होतं. दिवसभर मी कोपर हुंगत फिरले. सुनीताने राजूला हळूच काहीतरी सांगितलेलं मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी उठले, वखारीचं दार स्वतः उघडलं, आत जाऊन उभी राहिले. पिकलेल्या फण्यांवर तोंड टेकवलं. काही नाही. हमालाला विचारलं, "वास येतोय का रे तुला?"

"किसका, अम्मा?" तो म्हणाला.

ह्या गोष्टीला आठवडा झाला आता. माणसं येतात, बसतात, सांगतात की हळूहळू सवय होते. ते धीर द्यायला सांगतात, मला त्याची धडकी भरते. काल सुनीताने नव्या वांग्यांचं भरीत केलं होतं. मी जेवले. अर्धी भाकरी वरून मागून घेतली. ती म्हणाली, "आई, बरोबर झालंय ना?" मी म्हटलं, "मिरची झकास आहे, मीठ किंचित कमी." तिने मीठ आणून वाढलं. राजूने दोडक्याच्या भावाचं काहीतरी सांगितलं, मी हसले. मग हात धुवायला उठले आणि तांब्या हातात तसाच राहिला. सकाळी उठल्यापासून तू मला एकदाही आठवला नव्हतास.

तुला जाऊन सव्वीस दिवसच झालेत रे. आणि माझं नाक कसं आहे, ते आता मला माहीत आहे.